सिग्नल पूर्ण होता, मग अडलं कुठे?

प्रश्न : माझे वडील साठच्या दशकात भंडारा जिल्ह्यातून भिलाई कारखान्यात नोकरीला आले. गावाकडची खुशाली आठ-दहा दिवसांनी पत्रातून कळायची, तरी त्यांचा संसार कधी अडला नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये एका शनिवारी मी सुपेल्याच्या बाजारात पिशवीभर भाजी घेतली आणि यूपीआय चालेना. फोनला सिग्नल पूर्ण, खात्यात पैसे, तरी भाजी परत ठेवावी लागली. अडलं नेमकं कुठे? आणि आपण या यंत्रणेवर इतके अवलंबून झालो तरी कधी?
– एक वाचक, रिसाली, भिलाई

उत्तर : तुम्ही म्हणता तो शनिवार बहुधा १२ एप्रिलचा, हनुमान जयंतीचा. त्या दिवशी सकाळी साडेअकराच्या सुमाराला देशभर यूपीआय रखडायला लागलं आणि दुपार उलटेपर्यंत कधी चालत, कधी अडत राहिलं. त्याआधी २६ मार्चलाही असाच खोळंबा झाला होता. तेव्हा दोष तुमच्या फोनचा नव्हता, भाजीवालीचा नव्हता आणि भिलाईचाही नव्हता.

आधी तुमच्या पैशांची वाट पाहू. भाजीच्या ढिगाशेजारी ठेवलेल्या त्या काळ्या-पांढऱ्या क्यूआर चौकोनात असतो फक्त पत्ता : पैसे कोणाच्या खात्यावर पाठवायचे तो. तुम्ही तो स्कॅन करून रक्कम आणि पिन टाकता. तुमचं ॲप ती मागणी आपल्या भागीदार बँकेमार्फत नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या, म्हणजे एनपीसीआयच्या मध्यवर्ती यंत्रणेकडे पाठवतं. ती यंत्रणा तुमच्या बँकेला विचारते, पिन बरोबर आहे का, शिल्लक आहे का? बँक पैसे वजा करून होकार देते. मग भाजीवालीच्या बँकेला सांगितलं जातं, जमा करा. जमा झाल्याची खबर उलट वाटेने येते, तुमच्या पडद्यावर हिरवी खूण उमटते आणि तिच्याकडचा स्पीकर रक्कम बोलून दाखवतो. त्या स्पीकरमध्येही बहुतेक वेळा वेगळं सिमकार्ड असतं, म्हणजे खबर तिथवर यायला आणखी एक नेटवर्क लागतं.

तुम्ही दोघं समोरासमोर उभे असता, हातभर अंतरावर. पण साठ रुपयांचा सौदा पुरा व्हायला तीन-चार बँका आणि एक मध्यवर्ती केंद्र यांना एकाच क्षणी जागं असावं लागतं. फोनवरच्या सिग्नलच्या दांड्या या प्रवासातल्या फक्त पहिल्या टप्प्याबद्दल सांगतात : तुमच्या हातापासून जवळच्या टॉवरपर्यंत. टॉवरच्या पुढे जमिनीखालची फायबर, डेटा सेंटर, बँकेचे सर्व्हर यांपैकी काहीही बंद असलं तरी दांड्या पूर्णच दिसतात. दुकानदार ज्याला सरसकट ‘सर्व्हर डाउन’ म्हणतात, त्यात हे सगळंच आलं.

१२ एप्रिलचं कारण तर मजेशीर होतं. कुठला व्यवहार पुरा झाला आणि कुठला लटकला, हे तपासण्यासाठी बँका मध्यवर्ती यंत्रणेला ‘त्या व्यवहाराचं काय झालं?’ असं विचारू शकतात. काही बँकांकडून अशा चौकशांचा पूर आला, जुन्या व्यवहारांबद्दलही त्याच त्या विचारणा होत राहिल्या आणि त्या ओझ्याने खरे व्यवहार अडले. पैसे पोचले का, हे विचारणाऱ्यांच्या गर्दीत पैसे अडकले. या यंत्रणेवर मार्च २०२५ या एका महिन्यात सुमारे १,८३० कोटी व्यवहार झाले होते. एवढ्या रहदारीत एखादी साधी सवयही रस्ता तुंबवू शकते.

आता ‘कधी झालो’ याचं उत्तर.

वडिलांच्या काळापासून सुरुवात करू. भिलाई कारखान्याचा सोव्हिएत संघाशी करार झाला २ फेब्रुवारी १९५५ ला. पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ ला झालं. देशभरातून माणसं आली, तशी नागपूर, भंडारा, गोंदियाकडूनही आली. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत दुर्ग आणि नागपूर एकाच राज्यात होते, रेल्वेची वाटही एकच. त्या काळात घराशी संबंध ठेवायची साधनं म्हणजे पोस्टकार्ड, मनीऑर्डर, अगदीच निकड असली तर तार आणि क्वचित ट्रंक कॉल. ट्रंक कॉल नोंदवून वाट पाहत बसावं लागे. ऑपरेटरच्या मदतीशिवाय दुसऱ्या गावचा नंबर फिरवायची एसटीडी सोय देशात पहिल्यांदा १९६० मध्ये आली, तीही कानपूर आणि लखनौ या दोनच शहरांमध्ये. ती कोपऱ्यावरच्या पिवळ्या पाटीच्या बूथपर्यंत पोचायला ऐंशीच्या दशकाची अखेर उजाडली. मग रात्री दर उतरले की बूथसमोर रांगा लागायच्या. मोबाइलवरचा देशातला पहिला संवाद ३१ जुलै १९९५ ला कोलकाता आणि दिल्ली यांच्यात झाला. पुढची कित्येक वर्षं आलेला फोन उचलायलाही पैसे पडत. इनकमिंग फुकट झालं २००३ मध्ये, आणि मग मोबाइल हातोहाती गेला. तार मात्र मागे पडत गेली. १४ जुलै २०१३ हा तारसेवेचा शेवटचा दिवस ठरला.

या साऱ्या साधनांमधून जायचा तो निरोप. कोणी आजारी आहे, कोणाचं लग्न ठरलं, मी सुखरूप पोचलो. निरोप उशिरा आला की जिवाला घोर लागायचा, पण वाण्याचं दुकान त्यासाठी थांबत नसे. पगार रोख मिळे, रेशनकार्डावर शिक्का पडे, वाण्याच्या वहीत उधारी लिहिली जाई. व्यवहाराला लागणारा पुरावा व्यवहाराच्या जागीच असे : खिशात नोट, हातात कार्ड, नाहीतर दुकानदाराच्या डोळ्यांत ओळख.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत हा पुरावाच जागेवरून उठून दूर गेला. पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. त्यानंतर ‘मी तोच’ हे सिद्ध करण्याचं काम हळूहळू तुमच्या कार्डाकडून दूरच्या संगणकाकडे गेलं. मग आलं २०१६. एप्रिलमध्ये यूपीआयची घोषणा झाली, सप्टेंबरमध्ये जिओने स्वस्त फोर-जी आणलं आणि ८ नोव्हेंबरच्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या. पैसे पाठवायची नवी रीत, ती परवडण्याजोगं इंटरनेट आणि हातातल्या रोखीची टंचाई असं सगळं सात-आठ महिन्यांत एकत्र आलं. तुमच्या प्रश्नाला तारीख हवीच असेल, तर ती या महिन्यांत शोधा. २०२० च्या टाळेबंदीने त्यावर शिक्कामोर्तब केलं. त्यानंतर वर्ग फोनवर भरले आणि लशीची नोंदणीही तिथेच झाली.

आज एका सामान्य कुटुंबाचा आठवडा पाहा. गॅसची टाकी दारात आली तरी डिलिव्हरीवाला फोनवर आलेला आकडा विचारतो. रेशन दुकानात अंगठा यंत्रावर टेकवायचा, तो जुळला की नाही ते दूरवरून ठरतं. नागपूरला जायला ऑनलाइन तत्काळ तिकीट काढायचं, तर जुलै २०२५ पासून आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी यावा लागतो. निवृत्त झालेल्यांसाठी २०१४ पासून जीवन प्रमाण आहे. आपण हयात असल्याचा दाखला आता घरी बसून, फोनच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवूनही देता येतो. बँक, विमा, मुलांच्या परीक्षेचा फॉर्म, प्रत्येक ठिकाणी दार उघडण्याआधी तोच सहा अंकी आकडा.

माझ्या मते खरा बदल इथे आहे. पूर्वी तारेतून निरोप जायचा, आता परवानगी जाते. निरोप अडला तर आपण वाट पाहायचो, परवानगी अडली तर काम होतच नाही. तुमच्या वडिलांच्या आणि तुमच्या अवलंबून असण्यात फरक आहे तो हा. ते संपर्काच्या साधनांवर कमी अवलंबून होते, कारण त्यांची साधनं फक्त बोलत होती. तुमची साधनं ‘हो’ किंवा ‘नाही’ ठरवतात.

यात नुकसानच आहे असं समजू नका. महिन्याची मनीऑर्डर गावी पोचायला जे दिवस लागत, त्या जागी आज काही सेकंद लागतात. नागपूर-पुण्याला बांधकामावर गेलेला छत्तीसगडी मजूर संध्याकाळी घरी पैसे पाठवतो आणि रात्री त्याच पैशांनी घरात औषध येतं. गुडघे दुखणाऱ्या आजोबांची हयातीच्या दाखल्यासाठीची खेप वाचते. अवलंबून राहणं हा दोष नाही. वाट तुटली तर काय करायचं, हे आधीपासून ठरलेलं नसणं हा दोष आहे.

याचा धडा घ्यायला तुम्हाला लांब जायला नको. भिलाईत १३० मीटरचे सलग रूळ बनतात, ते जोडून २६० मीटरचे करून रेल्वेला दिले जातात. त्या रुळांवर धावणाऱ्या गाड्यांची परवानगी तर शंभराहून अधिक वर्षं तारेतून जात आली आहे. एका स्टेशनाने पुढच्या स्टेशनाला विचारायचं, ‘लाइन मोकळी आहे का?’ पुढून ‘लाइन क्लिअर’ मिळाल्याशिवाय गाडी सोडायची नाही. स्वयंचलित सिग्नल असलेल्या मार्गांवर पद्धत थोडी वेगळी, पण तत्त्व तेच. जिवाशी गाठ असल्याने रेल्वेने पहिल्यापासून गृहीत धरलं की तार कधीतरी तुटणारच. आणि तुटल्यावर काय करायचं ते लिहूनही ठेवलं.

रेल्वेच्या सामान्य नियमांतला ६.०२ क्रमांकाचा नियम यासाठीच आहे. संपर्काची साधनं त्यात उतरंडीने येतात. आधी ‘लाइन क्लिअर’ देणारं-घेणारं ब्लॉक यंत्र. ते बंद पडलं तर त्याला जोडलेला टेलिफोन. तोही गेला तर स्टेशन ते स्टेशन फोन, मग रेल्वेचा स्वतःचा किंवा बीएसएनएलचा फोन, मग नियंत्रण कक्षाची लाइन, शेवटी व्हीएचएफ वॉकीटॉकी. यातलं एकही चालत नसेल, तरी दुहेरी मार्गावर गाडी कायमची उभी राहत नाही. स्टेशनमास्तर चालकाला ठरलेल्या नमुन्याचं कागदी अधिकारपत्र देतो. दोन गाड्यांमध्ये तीस मिनिटांचं अंतर ठेवायचं. पुढचं स्पष्ट दिसत असेल तर ताशी २५ किलोमीटर, दिसत नसेल तर १०. गाडी रखडत जाते, पण सुरक्षित जाते. संपर्क शून्यावर आला तरी काम शून्यावर येऊ नये, हा विचार तिथे कागदावर उतरला आहे.

त्या उतरंडीतली खुबी अशी, की प्रत्येक पायरी शक्यतो वेगळ्या वाटेने जाते. रोजच्या जगण्यात आपण नेमके इथेच फसतो. आपल्याला वाटतं, आपल्याकडे पर्याय आहेत, पण ते सगळे एकाच पुलावरून जात असतात. इंटरनेटशिवाय पैसे पाठवायला *९९# ही सेवा आहे, साध्या फोनवर चालते. ज्या दिवशी तुमच्या भागातलं इंटरनेट बंद असेल त्या दिवशी ती उपयोगाची. पण १२ एप्रिलला? तीही त्याच मध्यवर्ती यंत्रणेतून जाते, त्यामुळे तिचा भरवसा धरता आला नसता. एका ॲपवर पैसे जात नाहीत म्हणून दुसरं ॲप उघडायचं, हेही तसंच : दार वेगळं, पूल तोच. फोनमध्ये दोन कंपन्यांची सिमकार्डं असली तरी अनेकदा दोन्ही कंपन्यांच्या अँटेना एकाच टॉवरवर बसवलेल्या असतात. वीज गेली आणि टॉवरची बॅटरी संपली, की दोन्ही सिम एकदमच मुकी.

मोठमोठे लोकही या सापळ्यात सापडले आहेत. ८ जुलै २०२२ ला कॅनडात रॉजर्स या दूरसंचार कंपनीचं जाळं बंद पडलं. फोन गेले, इंटरनेट गेलं, देशभर डेबिट कार्डाने पैसे देणं थांबलं, अनेकांना आपत्कालीन ९११ लागेना. आणि ते दुरुस्त करायला निघालेले कंपनीचे अभियंते एकमेकांशी बोलू शकत नव्हते, कारण त्यांचे फोनही रॉजर्सचेच. अखेर काहींना प्रतिस्पर्धी कंपन्यांची सिमकार्डं वापरावी लागली. त्याआधी ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक आणि व्हॉट्सॲप सुमारे सहा तास बंद होते. तेव्हा कंपनीच्या लोकांना स्वतःच्या इमारतींत शिरणं अवघड झालं, कारण दारांची कुलपंही त्याच जाळ्याला विचारून उघडत होती.

उलट चांगलं उदाहरणही आहे. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातले लाखो विंडोज संगणक बंद पडले. आपल्याकडच्या विमानतळांवर काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. लोक त्यांचे फोटो काढून हसले. पण विमानं त्या कागदांवर उडाली. ती होती विमानतळावरची २५ किलोमीटरची गाडी.

मग तुम्ही-आम्ही काय करावं? पहिली गोष्ट, थोडी रोख बाळगा, आणि त्यात सुटे असू द्या. पाचशेची एकच नोट साठ रुपयांच्या भाजीला तितकीच निरुपयोगी. रोख ही जुनाट लोकांची हट्टी सवय नाही. एनपीसीआय, बँक आणि टॉवर या तिन्हींना न विचारता पुरा होणारा व्यवहार तेवढा एकच उरला आहे. दुसरं, एटीएम कार्ड घरात पडू देऊ नका आणि त्याचा पिन विसरू नका. स्वतःच्या बँकेच्या एटीएमवर पैसे काढताना ती बँक आणि तुम्ही, एवढेच दोघे असता. तिसरं, चार महत्त्वाचे नंबर कागदावर लिहून पाकिटात ठेवा. फोन हरवला तर बायकोचा नंबर पाठ नसतो, ही आज घरोघरची गत आहे. चौथं, आधार, निवृत्तिवेतनाचा आदेश, विम्याचे कागद यांच्या छापील प्रती एका फाइलीत असू द्या. सरकारी निवृत्तिवेतनधारकांना बँकेत जाऊन सही करून हयातीचा दाखला देण्याची जुनी वाट अजून खुली आहे. ती कुठली आणि कशी, हे घरातल्या एका तरी माणसाला माहीत हवं.

पाचवी गोष्ट पैशांत येत नाही. त्या शनिवारी तुमची भाजी परत गेली, कारण ती बाई तुम्हाला ओळखत नव्हती. ओळखत असती तर म्हणाली असती, ‘ले जा, काल दे देबे’, म्हणजे घेऊन जा, उद्या दे. उधारीसारखा जुना आणि भक्कम दुसरा मार्ग नाही. एकाच गाड्यावर नेमाने भाजी घेत चला, तिचं नाव विचारा. तिलाही १२ एप्रिलला तेवढंच नुकसान सोसावं लागलं. तुमची भाजी परत आली ती तिच्याकडे, उन्हाने कोमेजायला.

आणि आपल्या हातात नसलेलं, पण मागता येण्याजोगं एक काम. रेशन, गॅस, दवाखाना, पेन्शन या प्रत्येक ठिकाणी ‘नेटवर्क नसेल तेव्हा काय करायचं’ हे रेल्वेसारखं लिहून भिंतीवर लावलेलं असावं. कोणत्या कागदावर काम होईल, किती मिळेल, पडताळणी नंतर कशी होईल. नियम नसला की खिडकीवरचा माणूस एकच वाक्य म्हणतो, ‘उद्या या.’ तोही बिचारा काय करणार? त्याला अधिकारपत्र देणारा स्टेशनमास्तरच नेमलेला नसतो.

प्रश्न : नेटवर्क नसलं तरी ११२ लागतो असं ऐकलं. हे खरं का?
– एक विद्यार्थिनी, दुर्ग

उत्तर : अर्धं खरं. तुमच्या कंपनीचा सिग्नल नसेल, पण दुसऱ्या एखाद्या कंपनीचा टॉवर आवाक्यात असेल, तर फोन आपत्कालीन कॉल त्या टॉवरवरून लावू शकतो. अशा वेळी पडद्यावर ‘फक्त आपत्कालीन कॉल’ अशा अर्थाची सूचना दिसते. मात्र कुठल्याच कंपनीचा टॉवर आवाक्यात नसेल, तर ११२ ही लागणार नाही. फोन हवेतून काही निर्माण करत नाही.

छत्तीसगडात ही सेवा २०१८ मध्ये सुरू झाली. ‘एक्के नम्बर, सब्बो बर’ हे तिचं छत्तीसगडी घोषवाक्य तुम्ही गाड्यांवर वाचलं असेल : पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका या सगळ्यांसाठी एकच क्रमांक. कॉल लागला की नाव-गाव आणि हकिगत नंतर सांगा, पहिल्या वाक्यात ठिकाण सांगा. फोनवरून तुमची जागा अंदाजाने कळू शकते, पण तो अंदाज काही इमारतींनी चुकू शकतो. भिलाईच्या टाउनशिपमध्ये तर पत्ता सांगणं सोपं आहे : सेक्टर कुठला, सडक कितवी, क्वार्टर नंबर काय. कॉल मध्येच तुटला तरी तेवढ्यावर गाडी दारात पोचते. घरातल्या लहान मुलांकडून आणि म्हाताऱ्या माणसांकडून हे तीन आकडे पाठ करून घ्या.